आत्याचं ‘नॅनो’

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या प्रयोगशाळेत होते. सोन्याचे, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, म्हणजे नॅनो कण घ्यायचे, त्यांच्यावर औषध चढवायचं आणि ते नेमकं कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवायचं, बाकी शरीराला धक्का लागू द्यायचा नाही, हे माझं काम. भाऊ म्हणाला, “ताई, आत्या गेली...” मला रडू आलं नाही. संताप आला. महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

भूमजवळच्या आमच्या गावात हे काम समजून घेतलं ते आत्यानं. शेंगा फोडता फोडता तिनं मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि म्हणाली, “मंजी औषधाला पत्ता सांगून धाडायचं, व्हय गं?” पुढं गावानं माझा सत्कार केला, तेव्हा ती येईल त्याला सांगत होती, “आमची पोरगी नॅनोतली हाय.” आता आमच्याकडं नॅनो म्हणजे पिकावर फवारायची खताची बाटली. गोणीचं काम बाटलीत, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सत्कारातच दोघं-तिघं मला तुरीवर किती मारायचं ते विचारून गेले, आणि आत्या पदर तोंडाला लावून हसत बसली.

मग तिच्याच छातीत गाठ निघाली. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, वेळेत सापडलीय, उपचार पुरे करा, बऱ्या व्हाल. केस गेले, तोंड आलं, तरी ती नेटानं सलाइन घेत होती. आणि आठवडी बाजारात तो भेटला... सोनेरी झाकणाच्या बाटल्या मांडून बसलेला. सोन्याचे नॅनो थेंब, गाठ विरघळते, सलाइनचं काम थेंबात! मेल्याला नॅनोतला न ठाऊक नसेल, पण शब्द बरोबर उचलला. आत्यानं सोलापूर सोडलं. फोनवर मला मात्र “बरं चाललंय” एवढंच; थेंबांचं मला कळलं ते ती गेल्यावर, भावाच्या त्या फोनवर. मामा, म्हणजे तिचे यजमान, नंतर म्हणाले, “ती म्हनायची, आपल्याच पोरीचं औषध हाय, तिला काय इचारायचं?”

मला त्या हरामखोराचा राग येतो. त्याला बाजारात बसू देणाऱ्यांचा येतो. रोज बाटली बघून गप्प राहिलेल्या घरादाराचा येतो आणि खरं सांगते, आत्याचाही येतो. अगं, एक फोन करायचा होतास...

तेराव्याला गेले तर बाटली देव्हाऱ्यात, हळदकुंकू वाहिलेली, अर्धी भरलेली.

“येडशीच्या जावंसाठी ठिवलंय तिनं,” मामा म्हणाले. “तिलाबी गाठ हाय.”

मी बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली. “मामा, हे नुसतं रंगाचं पाणी आहे. त्यांना उद्याच सोलापूरला न्या.”

मामांनी रिकामी बाटली माझ्या हातातून घेतली. “नेतो,” म्हणाले. मग विचारलं, “तुझं खरं कवा येनार?”

“अजून उंदरांवरच चाललंय, मामा.”

“उंदरं बरी हुत्यात व्हय?”

मला हो म्हणावं लागलं.