समासबाईंना न चालणारे दोन शब्द

माझा पहिला निबंध समासबाईंनी न वाचताच परत केला. चार पानं लिहून माझी बोटं शाईने निळी झाली होती. बाईंनी वरच्या पानाला फूटपट्टी लावली, "समास सव्वा इंच आहे, दीड हवा," एवढंच म्हणाल्या आणि कागद माझ्या हातात दिले. मी कान्हे गावच्या शाळेत पहिल्या नंबराने पास झालेली मुलगी. मला असा धक्का बसला की रडायचंसुद्धा सुचलं नाही.

लोणावळ्याच्या आमच्या नर्सिंग शाळेत त्या शिकवायला होत्या. तोंडावर आम्ही त्यांना बाई म्हणायचो आणि पाठीमागे समासबाई. डावीकडे एवढी जागा कशाला, तर आमचे निबंध त्या जखम शिवायच्या वाकड्या सुईने स्वतः शिवत. आणि उजवीकडे कशाला? "वाचणाऱ्याचा अंगठा ठेवायला. त्याखाली पेशंटचं नाव झाकलं जाता कामा नये." हे त्या इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची सोय नसे.

समासाहून भयंकर होता त्यांचा प्रश्न: "कुणी सांगितलं?" प्रत्येक विधानावर आकडा घालायचा आणि पानाच्या तळाशी लिहिणाऱ्याचं नाव, पुस्तक, पान नोंदवायचं. 'असं म्हणतात' हे दोन शब्द दिसले की लाल शाई सांडलीच. एकदा जेवताना कुणीतरी म्हणालं, उद्या सुट्टी आहे असं म्हणतात. बाई ताट हातात घेऊन आमच्यापाशी आल्या आणि म्हणणाऱ्याला काही नाव आहे का, असं विचारू लागल्या. सुट्टी राहिली बाजूलाच.

शेवटच्या वर्षी एक मोठा निबंध असे. तो पास झाला तरच सर्टिफिकेट. नाहीतर गाशा गुंडाळून घरी यायचं, असं वडिलांनी बजावूनच मला पाठवलं होतं. माझा विषय होता दिवस भरायच्या आत जन्मलेली मुलं. तिकोणा पेठेजवळच्या एका वाडीत मी बुधाबाई नावाच्या सुईणीला पाहिलं होतं. तिने एवढंसं, गार पडलेलं पोर आईच्या उघड्या छातीवर ठेवून वरून लुगड्याने घट्ट बांधलं, आणि ते पोर जगलं. मी ते सगळं लिहिलं. पण इंग्रजी डॉक्टरांच्या रांगेत एका अंगठेबहाद्दर सुईणीचं नाव घालायची मला लाज वाटली. मी सरळ एका जाड इंग्रजी पुस्तकाचं नाव टाकलं आणि पुढे मनानेच लिहिलं, पान दोनशे चौदा.

बाईंनी माझ्यासमोर ते पान उघडलं. त्यावर गरम पाण्याच्या पिशवीचं चित्र होतं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "आज न वाचलेलं पान लिहिलंस. उद्या न दिलेलं औषध दिलं म्हणून लिहिशील. मग पेशंटने काय करायचं?"

पुढच्याच रविवारी त्या मला घेऊन निघाल्या. कामशेतहून एसटी आणि पुढे पायी. बुधाबाईच्या अंगणात बाई उकिडव्या बसल्या आणि त्यांनी विचारलं, "मावशी, तुमचं नाव आमच्या कागदात लिहू का?"

म्हातारी दचकली. "कशापायी? पोलिस येत्याल का?"

कारण समजावून सांगितल्यावर ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "माजं एकलीचं नगं. मला ह्ये माज्या सासूनं दावलं, सोमीनं. तिचं बी ल्ह्या."

तीन वर्षांत जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते या म्हातारीला न शिकवता येत होतं. समासबाईंनी माझ्यापुढे पेन धरलं. तळाशी दोन्ही नावं आम्ही तिथेच, अंगणात बसून लिहिली.

निबंध तपासायला बाहेर गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. बाहेरच्या परीक्षकांनी चिठ्ठी जोडली होती: अडाणी सुईणीचं नाव काढावं, अन्यथा नापास. मला वाटलं, बाई आता भांडतील. त्या म्हणाल्या, "निबंध तुझा आहे. तू ठरव."

मी ब्लेडने दोन्ही नावं खरवडली. वरच्या ओळीत लिहिलं, 'ग्रामीण भागात असं म्हणतात'. निबंध पास झाला.

तो हातात आल्यावर बाईंनी ती ओळ वाचली. फूटपट्टी लावली. "समास बरोबर आहे," म्हणाल्या आणि निबंध कपाटात ठेवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे तीन महिने त्या इतर मुलींना 'कुणी सांगितलं?' विचारत राहिल्या. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी मुद्दाम वर्गात काहीतरी ठोकून द्यायची. बाई मान डोलवून पुढे जायच्या.

मग त्यांची बदली झाली. बऱ्याच वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. कुणी सांगितलं, हे मी विचारून घेतलं. त्यांच्या भाचीने.

नोकरीत मी कितीतरी पोरं अशी आईच्या छातीशी बांधली आणि दर वेळी मला त्या खरवडलेल्या जागेची शरम वाटली. आज हे लिहायला बसताना डावीकडे दीड इंच मोजून सोडला आहे. पान भरत आलं, तळाशी थोडी जागा उरली आहे. तिथे लिहिते: सुईण बुधाबाई, तिकोणा पेठेजवळची वाडी. तिला सांगितलं तिच्या सासूने, सोमीने.

बाई, आता तरी विचारा.