बायजाबाईची पेज

काशीदच्या किनाऱ्यावर शहाळी विकणारी बायजाबाई हातातला कोयता एक वेळ खाली ठेवील, पण तोंडातून गेलेला शब्द मागं घेणार न्हाय, हे अख्ख्या बौद्धवाडीला ठाऊक. एकदा मुंबैच्या कुणा पाहुण्याचं शहाळं कोरडं निघालं. ही म्हणते कशी, “तुमी दुपारी आलाव, त्याला मी काय करू? सकाळी व्हता पाणी.” तो बापडा सॉरी बोलून गेला.

नवरा भागोजी गेल्यावर तिनं शेती आणि शहाळ्यांवर एकुलता पोरगा वाढवला. रत्नपाल आता दिघीच्या बंदरावर कामाला आहे. त्याच्या बायकोच्या, प्रांजलीच्या, पित्ताच्या पिशवीत खडे धरले. कळ आली की ती पोर भिंतीला पाठ घासत बसायची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. भूल देणारे डॉक्टर हितेश अलिबागहून आठवड्यातून एकदाच यायचे, त्यामुळं तो वार चुकला तर पुढच्या वारापर्यंत कळ सोसायची.

आदल्या रात्री कल्पिता सिस्टर वॉर्डात बजावून गेली, “आता सकाळी काही खायचं-प्यायचं नाही.”

बायजाबाईनं मान हलवली. पण रिकाम्या पोटाचं तिला पिढीजात वावडं. तिची थोरली बहीण कोकिळा पूर्वी एका शिबिरात ऑपरेशनला गेली ती परत आली न्हाय. कशानं गेली ते कुणी धड सांगितलं न्हाय, म्हणून आईनं आपल्यापुरतं कारण ठरवून टाकलं: पोरीला उपाशी धाडली. मरेपर्यंत आई तेच बोलत राहिली, आणि बायजाबाईनं ते गाठीला बांधलं. तिच्या घरातून लावणीला जाणारा गडीसुद्धा पेज प्याल्याबिगर उंबरा ओलांडत नसे.

सकाळी तालुक्यालाच राहणाऱ्या भाचीच्या घरून ती पदराखाली डबा घेऊन आली.

“आय, सिस्टर नको बोललीय,” प्रांजली कुजबुजली.

“सिस्टरला नको तं ती न पियेल. अंगाला सुरी लावनार आन् पोटात वारा? पेज म्हंजे काय जेवान हाय? पी. आन् कुणाला सांगायचा न्हाय.”

प्रांजलीनं आजवर सासूपुढं कुजबुजण्यापलीकडं तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं, ते पेज प्यायला. डॉक्टर हितेशनी येऊन विचारलं, “काही खाल्लं नाही ना?” तिनं सासूकडं बघितलं आणि मान हलवली. न्हाय. मग तिला आत नेलं. रत्नपाल औषधं आणायला गेला.

बाहेरच्या बाकावर हर्नियाचा गुणाजी नंबर लावून बसला होता. कल्पिता सिस्टर बाहेर येताच तो लाडात आला.

“सिस्टर, घोटभर चा चालंल का? दुधाचा न्हाय, कोरा.”

“अजिबात नाय. कालपासून सांगते ना?”

“अवो, पोट तुमी फाडनार, मंग चा दिसंल म्हनून लाजताव काय?”

“मस्करी नको, गुणाकाका. भूल चढली की घशाची राखण सुटते. पोटातलं उलटून वर येतं आणि सरळ फुप्फुसात उतरतं. जागा माणूस ठसकून बाहेर काढील. भुलीतला ठसकत नाय. माणूस दगावतो, कळलं?”

सिस्टर आत गेली, दार लागलं.

बायजाबाई बसली होती तिथंच आकसली. पेज म्हंजे पानीच की, तिनं स्वतःला समजावलं. पण डबा तिनंच भरला होता. पोरीच्या अंगात जोर यावा म्हणून वरचं पाणी ओतून खालचा घट्ट भात घेतला होता. वर सुकट कुस्करली होती.

आता उठून सांगावं, तर ऑपरेशन हुकलं. रत्नपालची रजा वाया, पोरीला आणिक आठ दिवस कळ, आणि बायजाबाई खोटी पडली ही बातमी तिच्या आधी काशीदला पोचणार. न सांगावं, तर कुणास ठाऊक, काही होणारही न्हाय. किती बायका घेतच असतील घोटभर.

आतून भांड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला.

ती उठली. चपला पायात तशाच. दारावर दोन्ही हातांनी थापा घातल्या आणि कुणी उघडायची वाट न बघता आत घुसली.

“ए आजी! बाहेर व्हा!” कल्पिता सिस्टर आडवी आली.

प्रांजली टेबलावर, हाताला सलाईन. डॉक्टर हितेशच्या हातात औषध भरलेली सुई, सलाईनच्या नळीला लावायच्या बेतात.

“डाक्टर, ती सुई खाली ठेवा! पेज पाजलीय मी तिला. घट्ट. सुकट घालून.”

डॉक्टरचा हात थांबला. त्यांनी प्रांजलीकडं पाहिलं. “मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात?”

“आय बोलली, सांगू नको,” प्रांजली म्हणाली आणि रडायला लागली.

“तिला काय बोलू नका. खोटा मी बोलली.”

डॉक्टरनी सुई ट्रेमध्ये ठेवली. “आजी, आत्ता हिला भूल दिली असती तर मी शर्थ करूनही कदाचित वाचवू शकलो नसतो.” आवाज चढवला न्हाय त्यांनी. चढवला असता तर बायजाबाईला बरं वाटलं असतं, उत्तर देता आलं असतं.

प्रांजलीला वॉर्डात आणलं. गुणाजीचा नंबर पुढं सरकला. रत्नपाल परत आला आणि सगळ्या वॉर्डासमोर आईला बोल बोल बोलला. रात्री प्रांजलीला कळ आली, तेव्हा बायजाबाई तिची पाठ चोळत बसून राहिली.

पुढच्या वारी डॉक्टर हितेशनी सुनेला विचारलंच, पण सासूलाही बाजूला घेतलं. नुसतं ‘खाल्लं का’ न्हाय.

“पेज?”

“न्हाय.”

“चहा? पाव? दूध? मिश्री लावली?”

“काय न्हाय. राती मी तिच्या खाटंला खाट लावून निजली. आन् डाक्टर, तुमी तरी खाऊन आलाव का? हात कापंल तुमचा.”

“खाऊन आलोय, आजी.”

“मंग जावा.”

दार लागलं. बायजाबाई बाकावर ताठ बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालंय सुनेला. तिला ते ऐकूच आलं न्हाय. पुष्कळ वेळानं प्रांजलीला बाहेर आणलं. ती कण्हली, मान एका बाजूला वळली आणि ओकारी आली. बायजाबाईनं झटकन टोप पुढं धरला, पोरीचं कपाळ दाबून धरलं आणि ओकारी थांबल्यावर आत डोकावली.

नुसतं पिवळं पाणी.

“झ्याक,” ती म्हणाली, आणि टोप धुवायला गेली.