ओव्हनमधून आलेली खडी

"मे, तो लॉग पाठव. लिंडा वाट बघतेय," क्रेग दारातूनच म्हणाला.

"नाही पाठवणार."

बोलून गेले आणि मग माझेच कान गरम झाल्यासारखे वाटले. क्रेग माझा बॉस. पंचवीस वर्षं याच कामात. मला जॉइन होऊन चौदा महिने, व्हिसा याच कंपनीचा, आणि पहिल्याच दिवशी माझ्या मयुरीचं सगळ्यांनी 'मे' करून टाकलेलं. पण स्क्रीनवर जे दिसत होतं ते खोटं होतं! आणि त्याच्याखाली माझं नाव जाणार होतं.

थांबा, आधी आमचं काम सांगते, नाहीतर भांडण कळणार नाही. आम्ही जिओटेक इंजिनीअर. बांधकामाआधी जमीन तपासतो. डिगरने खड्डा घ्यायचा, वरपासून खालपर्यंत काय काय लागलं ते लिहायचं. त्या कागदाला लॉग म्हणतात. खाली 'लॉग्ड बाय' आणि आपलं नाव. मातीच्या पिशव्या लॅबला. आमची लॅब ऑफिसच्या मागच्याच शेडमध्ये, माउंट वेलिंग्टन या उपनगरात. लॅबचे आकडे आले की मातीचं नाव पक्कं होतं. आणि एकदा नाव पक्कं झालं की तिच्यावर काय बांधायचं ते त्या नावावरून ठरतं. इतकं ते नाव महत्त्वाचं.

ही साइट एका ज्वालामुखीच्या पायथ्याची डोंगरी दरी. तिथे लिंडाचं कॅम्पग्राउंड आहे. साठीची बाई, कायम गमबूट घातलेली, सगळं एकटीने चालवते. तिला सहा केबिन हव्या होत्या, शाळेच्या कॅम्पला येणाऱ्या मुलांसाठी. जागा उताराची, खाली ओढा. क्रेगचा प्लॅन साधा होता. वरच्या बाजूची माती खणायची, खालच्या बाजूला पसरायची, रोलरने दाबायची. झाली सपाट जागा, ठेवा वर केबिन. अशा दाबलेल्या भरावाला फिल म्हणतात. माती खडीची असेल तर फिल मस्त होतो. खडीवर खडी बसते, हलत नाही.

आणि लॅबने नाव दिलं होतं 'सँडी ग्रॅव्हल'. वाळू मिसळलेली खडी. क्रेग खूश. लिंडाला तसं ईमेलही करून टाकलं.

पण मी त्या खड्ड्यात उतरले होते ना! खडे हीप्स होते, म्हणजे इथल्या भाषेत ढीगभर, मान्य. पण एकाला दुसरा टेकलेला नव्हता. शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे सुटे सुटे, मध्ये सगळी तपकिरी माती. ती बोटांत धरली तर कोरडी वाटते. जोरात चोळली की अचानक तुपकट होते आणि बोटं ओली. ही राखेची माती. ज्वालामुखीची राख हजारो वर्षं कुजून त्यात अ‍ॅलोफेन नावाची चिकणमाती तयार होते. डोळ्यांना न दिसणारे पोकळ गोळे असतात तिचे, आणि त्यांच्या पोटात पाणी.

"क्रेग, ही खडी नाहीये."

"लॅब म्हणते खडी."

"लॅबचं काहीतरी चुकलंय."

"लॅबचं चुकलंय," तो मान हलवत म्हणाला. "मे, मी साउथ आयलंडच्या नद्यांवर वाढलोय. खडी मला कळते. तू शेतकी शिकलीस, तुला बटाटे कळतात."

हे शेतकी प्रकरण पहिल्या दिवसापासून होतं. मी आधी भारतात मृदाशास्त्र केलं, मग इथे येऊन इंजिनीअरिंगचा कोर्स. म्हणून ऑफिसात मी 'बटाटे'. एरवी हसते. त्या दिवशी नाही हसले.

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ दे," मी म्हटलं.

"उद्या दुपारी तीन. नंतर माझं नाव घालून मीच पाठवतो."

मी थेट मागे शेडमध्ये. लॅब शिरीषदादा बघतो. डोंबिवलीचा, इथे बारा वर्षं झाली. ऑफिसात आम्ही दोघंच मराठी.

"दादा, लिंडाच्या साइटची माती तू आधी काय केलीस?"

"काय करणार? ट्रे भरला, रात्रभर ओव्हनमध्ये. सकाळी चाळली. नेहमीचंच."

"ओव्हनमध्ये?!"

"अगं ओरडतेस काय? एकशे पाच डिग्री. स्टँडर्ड आहे."

"दादा, ती राखेची माती आहे! एकदा वाळली की मेली. ते गोळे एकमेकांना चिकटतात, दगडासारखे घट्ट दाणे होतात. परत भिजवलं तरी सुटत नाहीत. तू चाळलीस ती चिकणमातीची वाळू झालेली!"

शिरीषदादाने चष्मा वर केला. शांतपणे फाइल काढली. माझ्यासमोर जॉब शीट ठेवलं.

"हे कुणाचं अक्षर?"

माझं.

"यात 'वाळवू नये, नैसर्गिक ओलीवर टेस्ट करा' असं कुठे लिहिलंय, दाखव मला."

नव्हतं लिहिलं. साइटवरून परत येताना उशीर झाला, मी पिशव्या दारात टाकल्या, शीटवर टेस्टचे नंबर खरडले आणि घरी जायची पापाटोएटोची ट्रेन पकडली. सगळ्या ऑफिसला राखेच्या मातीचं लेक्चर देणारी मी, आणि तीच एक ओळ लिहायची विसरले. लॅबने त्यांचं काम केलं. चूक माझी.

मी तिथल्याच एका स्टुलावर बसले. डोळ्यांत पाणी यायला लागलं, खरं सांगते.

"रडतेस काय, येडे," शिरीषदादा म्हणाला. "मी सगळी पिशवी कधी ओततो का? अर्धी ठेवतोच. बांधून, सावलीत. रिपोर्ट जाईपर्यंत टाकत नाही."

त्याने कोपऱ्यातून ती पिशवी काढली. आतून घामेजलेली. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी तीच टेस्ट परत केली, पण न वाळवता. ओली माती पाण्याखाली चाळली. आणि बघा काय झालं! जी वाळू म्हणून आली होती त्यातली बरीचशी बारीक चिखल होऊन चाळणीतून निघून गेली. अजून एक गंमत. मातीचं नाव कोरड्या वजनावर ठरतं. खडे जड. ही माती हलकी, पोटात नुसतं पाणी. आमच्या त्या पिशवीत कोरड्या मातीपेक्षा पाण्याचंच वजन जास्त निघालं. ते पाणी उडालं की उरणार काय? कागदावर खडे जिंकतात. खड्ड्यात मात्र जागा मातीने अडवलेली असते, आणि खडे तिच्यात नुसते लटकलेले.

शेवटी माझी शेतकी टेस्ट. इंडिकेटर लावलेल्या गाळणकागदावर चिमूटभर माती, सोडियम फ्लोराइडचा थेंब. विषारी असतं ते, हातमोजे घालून. अ‍ॅलोफेन असेल तर कागद गुलाबी होतो. दोन मिनिटांत जास्वंदीसारखा झाला.

पावणेतीनला मी क्रेगच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. वर मातीचं एक अखंड ढेकूळ ठेवलं, ढेकळावर त्याचा कॉफीचा भरलेला मग.

"काय करतेस?"

"बघ. ढेकूळ तुझा मग पेलतंय ना?"

"पेलतंय. म्हणजे चांगली माती आहे."

"खूप चांगली आहे. आता कॉफी बाजूला ठेव आणि हीच माती हातात घे. दाब. अजून. पीठ मळतात तशी मळ."

त्याने मळली. आधी कंटाळून, मग कपाळाला आठ्या घालून. मनगटावरून तपकिरी पाणी ओघळायला लागलं आणि बोटांच्या फटींतून माती बाहेर. हातात चारदोन खडे राहिले.

आपल्याकडे चक्का टांगतात ना, तसं. फडक्यात घट्ट असतो, सुरीने कापता येतो. फेटला की संपलं. ही माती म्हणजे तो चक्का. तिच्यावरून दिवसभर डिगर आणि रोलर फिरवणं म्हणजे फेटणंच.

"आणि लॅबची टेस्ट?" त्याने हात पुसत विचारलं.

"वाळवून केली. मी शीटवर लिहायला विसरले. शिरीषची चूक नाही, माझी आहे. नवे आकडे हे घे."

त्याने बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग म्हणाला, "तरी टेबलावरच्या ढेकळावर मी सहा केबिनचा प्लॅन बदलत नाही. सोमवारी हेमी डिगर घेऊन जातोय. चार मीटरचा फिल करून बघू. उभा राहिला तर तू सही करायची."

"नाही राहिला तर?"

"तर बटाटे म्हणणार नाही."

"लिंडासमोर म्हण हे."

"डोन्ट पुश इट, मे."

सोमवारी आम्ही तिघं आणि लिंडा. हेमी डिगरवाला, माओरी, आयुष्यभर त्याच भागात खणलेला. मला बघून "किया ओरा, बॉस" असा माओरी नमस्कार केला, क्रेगला नुसतं "मॉर्निंग". मला तिथेच आवडला.

त्याने माती काढली, उतारावर पसरली, थर केला. दिसायला झकास. खडे वर आलेले, ऊन पडलेलं. आठवडाभर पाऊस नव्हता. क्रेगने माझ्याकडे बघून भुवई उडवली.

रोलरची पहिली फेरी. घट्ट. दुसरी. घट्ट. क्रेगची भुवई अजून वर.

तिसऱ्या फेरीला रोलरच्या पुढे जमीन हलली. म्हणजे अक्षरशः लाट आली, पाण्याच्या गादीवर बसल्यावर येते तशी. चौथ्या फेरीला खड्यांच्या मधून पाणी वर आलं. पाचव्या फेरीला हेमीने रोलर थांबवला आणि खाली उडी मारून म्हणाला, "मी यावर परत चढणार नाही, सॉरी."

क्रेग बघायला पुढे गेला. बूट घोट्यापर्यंत आत. ओढला तर बूट राहिला, पाय बाहेर आला. हेमी डिगरमागे तोंड लपवून हसत होता, खांदे हलताना दिसत होते.

लिंडा हसली नाही.

"याच्यावर मुलं झोपणार होती," ती म्हणाली. "तुमच्या ईमेलमध्ये ग्रॅव्हल लिहिलं होतं. मी शाळांना शब्द दिलाय."

मी तोंड उघडलं. क्रेग एका मोज्यावर उभा राहून म्हणाला, "आमची चूक. लॉग अजून पाठवला नाही, कारण मेने अडवला." नुसतं 'मेने अडवला'. मला तेवढं हीप्स होतं.

"मग काय, केबिन नाहीत?" लिंडाने मला विचारलं. मला!

"आहेत," मी म्हटलं. "माती वाईट नाही. तिला ढवळू नका, बास. वरच्या सपाट पट्ट्यावर, न खणता. पाइल्सवर, म्हणजे खांबांवर. डिगर तिथे फिरवायचा नाही, गवतसुद्धा काढायचं नाही. चार बसतील, सहा नाही."

चार म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. तासभर भांडली. पाच तरी कर म्हणाली. मी पाच नाही केल्या. क्रेग तोवर चिखलात बूट शोधत होता.

आता चार केबिन उभ्या आहेत. मी दोनदा जाऊन लेव्हल घेतली, म्हणजे खचल्यात का ते मोजलं, हलल्या नाहीत. ओढ्याकडच्या उतारावर तो आमचा चार मीटरचा फिल अजून पडलाय, अर्धा खाली वाहून गेलेला. लिंडा तिथे कुणाला जाऊ देत नाही. ती माझ्याशी गोड बोलत नाही अजून. दोन केबिन खाल्ल्या ना मी. चालेल.

लॉगवर 'ग्रॅव्हली सिल्ट, अ‍ॅलोफेनिक', म्हणजे खडे असलेली बारीक राखेची माती, असं नाव आहे आणि खाली माझं. जॉब शीटवर नवा रकाना छापलाय: वाळवायची की नाही. तो भरल्याशिवाय शिरीषदादा पिशवीला हात लावत नाही. परवा मी घाईत होते, रिकामा सोडला. तीन पिशव्या त्याने उचलून परत माझ्या टेबलावर आणून ठेवल्या, लॅपटॉपवर.