टॉवेलाखालचं पिस्तूल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान हवालदार कारभारी, यांचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, डॉक्टरवर नव्हता, एसटीच्या पाटीवरही नव्हता. पैठणची पाटी लावलेल्या गाडीत चढण्याआधी ते ड्रायव्हरला विचारायचे, मग कंडक्टरला विचारायचे, आणि दोघांनी एकच उत्तर दिलं की त्यांची शंका आणखी वाढायची. "दोघं मिळून सांगत्यात," म्हणायचे. मी त्यांचा मेहुणा. त्यांची थट्टा करायचा मला हक्क होता आणि तो मी मनसोक्त बजावला. पण जन्मभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या या माणसावर शेवटी लोकांनी जो संशय घेतला, त्याचा राग मात्र माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही धनगर. दाजींच्या घरी मेंढरं होती. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या वर्षभरात रझाकार आले, गेले, पुन्हा येणार, अशा इतक्या आवया उठायच्या की कोण खरं बोलतंय ते कळायची सोय नव्हती. एकदा कुणीतरी शपथेवर सांगितलं की रस्ता मोकळा आहे. दाजींचे वडील कळप घेऊन डोंगरातून खाली उतरले आणि निम्मी मेंढरं घालवून बसले. सांगणारा खोटं बोलला, की त्यालाच कुणी खोटं सांगितलं होतं, याचा पत्ता लागला नाही. दाजी तेव्हा दहा वर्षांचे. त्यांनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला, की शपथ घालून सांगणाऱ्याचं तर मुळीच ऐकायचं नाही.

माझ्या बहिणीला, राजाबाईला, बघायला आले तेव्हाही हेच. पोहे खाल्ले, मुलगी पाहिली, पसंत आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता आमच्या गावच्या विहिरीवर येऊन उभे राहिले. दाखवली तीच मुलगी देणार आहेत ना, ही खात्री करायची होती! अक्कानं त्यांना ओळखलं, भरलेली घागर उचलली आणि त्यांच्या पायांवर ओतली. "पटली का खूण?" म्हणाली. लग्न खरं तिथंच ठरलं.

असा माणूस फौजेत गेला आणि आर्मरर झाला, म्हणजे पलटणीची हत्यारं तपासणारा, दुरुस्त करणारा. तिथला पहिला नियमच असा की बंदूक रिकामी आहे असं कुणी म्हटलं तरी ती भरलेली आहे असं समजून हातात घ्यायची. दाजींना सासरहून माहेरी आल्यासारखं झालं. ज्या स्वभावाला गावात लोक हसत होते, त्याच स्वभावासाठी साहेब लोक पाठ थोपटायला लागले.

एकाहत्तरच्या लढाईनंतर दहा-बारा वर्षांनी त्यांची बदली आमच्याच शहराच्या छावणीत झाली. पेन्शन जवळ आलेली, जाण्याआधी नायब सुभेदार होतील असं सगळे धरून चाललेले. त्याच सुमारास कमरेला लावायचं एक नवं पिस्तूल निवडायचं निघालं. जुनी रिव्हॉल्वरं झिजली होती. दोन नमुने आले होते, एक काळं आणि एक करडं. जवानांनी ते वापरून बघायचे, आर्मररनं मत द्यायचं, आणि जे चांगलं ठरेल ते पुढच्या तपासणीला वर पाठवायचं. हे पिस्तूल पुढं सगळ्यांना एकच मिळणार होतं, म्हणजे चूक झाली तर तीही सगळ्यांच्या कमरेला लागणार होती.

मी एकदा दाजींना चिडवलं, "एवढंसं पिस्तूल, त्यानं काय लढाई जिंकता येते व्हय?"

"लढाई जिकाया नसतं ते," दाजी म्हणाले. "समदं संपल्यावर हातात ऱ्हातं ते. रायफल गेली, सोबती गेले, अंधार हाय, हात थरथर कापतोय. तवा ज्याला ते काढावं लागतं, त्याच्यासाठी निवडायचंय."

दोन्ही कंपन्यांची माणसं नमुने घेऊन आली होती. दाजींनी दोघांवरही सारखाच संशय घेतला. समोर मांडलेली पिस्तुलं त्यांनी बाजूला सारली आणि पेटीत हात घालून स्वतः दुसरी काढली. "बाजारात बोकड आणताना शिंगाला तेल लावूनच आणत्यात," म्हणाले. त्यांनी पिस्तुलं धुळीत टाकली, चिखलात बुडवली, डाव्या हातानं चालवायला लावली. दोन्ही चालली. मग राहिला सेफ्टीचा खटका. गोळी झाडण्याआधी तो अंगठ्यानं सरकवावा लागतो, आणि अंधारात तो अंगठ्याला आपोआप सापडतो की नाही, हे दाजींना बघायचं होतं.

सरळ डोळे बांधता आले असते. पण पट्टीच्या खालून थोडं दिसतंच, आणि दिसलं नाही असं माणूस स्वतःलाच पटवतो, असं दाजींचं म्हणणं. त्यांचा स्वतःवरही विश्वास नव्हता! म्हणून भर दुपारी त्यांनी रिकामं पिस्तूल हातात धरलं, हत्यारं पुसायचा मोठा टॉवेल हातावर टाकला आणि चुकूनही खाली नजर जाऊ नये म्हणून तोंड वळवून लिंबाच्या झाडाकडं बघत राहिले. करड्याचा खटका काही केल्या सापडेना. काळ्याचा सापडला, पण अंगठा बरोबर बसला की नशिबानं, ही शंका होतीच. मग त्यांनी काळ्या पिस्तुलाच्या कंपनीच्या माणसाला जवळ बोलावलं. त्यानं टॉवेलाखाली हात घालून दाजींचा अंगठा धरला, दोन-तीनदा दाबून दाखवला. दाजींनी मान डोलावली. तो माणूस खूश होऊन हसला.

हे नेमकं लांबून पाहिलं सुभेदार बद्रीनाथ यांनी.

सुभेदार वैजापूरकडचे, घरची मोठी शेती, बैलांचे शौकीन. आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे चार लोकांत उभं राहूनही कुणाला आकडा कळत नाही. त्या वेळी दोघंही भलतीकडेच बघत असतात. भाव पटला की मान हलते. सुभेदारांनी लहानपणापासून हे शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांना जे दिसलं त्याचा दुसरा अर्थ लागणंच शक्य नव्हतं. पंजाबचा किंवा मद्रासचा कुणी सुभेदार असता तर त्यानं दोन माणसं आणि एक टॉवेल एवढंच पाहिलं असतं आणि तो पुढं गेला असता. आपलं नशीब असं की बघायला आपल्याच मातीचा माणूस उभा होता.

सुभेदारांना मी वाईट म्हणणार नाही. लढाईत कुठल्याशा ठेकेदारानं दिलेल्या बुटांचे तळ सुटले आणि ते मैलोगणती तसेच चालले होते. तेव्हापासून फौजेला माल विकणाऱ्या कुणाच्या हसण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ते सरळ मेजर साहेबांकडं गेले.

मेजर साहेब केरळचे. त्यांना टॉवेलाची भानगडच समजेना. सुभेदारांनी त्यांच्याच टेबलावरचा रुमाल उचलून, बोटं दाबून, सगळा बाजार त्यांना समजावून दिला. मग दाजींना बोलावणं गेलं.

"टॉवेल का टाकला होता?"

"अंधार पायजे व्हता, साहेब."

"भर दुपारी?"

दाजींनी खरं सांगितलं ते इतकं विचित्र होतं की दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनीही मानलं नसतं. कंपनीच्या माणसाला विचारलं, त्यानंही तेच सांगितलं. पण दोघांनी एकच उत्तर दिलं म्हणजे दोघं मिळून सांगतात, हा दाजींचाच न्याय तिथं त्यांच्यावर चालला.

मेजर साहेब माणूस समजूतदार. ते म्हणाले, "पुरावा काही नाही. तुम्ही मत देऊ नका, बाजूला व्हा. दुसऱ्या आर्मररचं मत घेऊ. कुठं काही लिहिलं जाणार नाही आणि प्रमोशनला बाधा येणार नाही."

दाजींनी विचारलं, "दुसरा कोण?"

साहेबांनी नाव सांगितलं. तो पोरगा कालच आला होता आणि त्यानं उजेडात, सतरंजीवर मांडून दोन्ही पिस्तुलं पाहिली होती. त्याला करडं आवडलं होतं. धरायला सुबक होतं ते.

आता पेच कळला ना तुम्हाला? दाजींना काळं पटलेलं. काळं म्हणावं तर विकले गेले हे सिद्ध झालं. करडं म्हणावं किंवा गप्प बसावं, तर नाव स्वच्छ राहणार, बढतीही मिळणार. फक्त कधीतरी, कुठंतरी, अंधारात एखाद्या पोराचा अंगठा खटका शोधत राहणार.

"काळं," दाजी म्हणाले. "माझं मत काळं. लिवा साहेब, आन् सुभेदार साहेबांनी सांगितलेलं बी त्याच्याखाली लिवा."

झालं, चोर सापडला, अशा नजरेनं सुभेदारांनी त्यांच्याकडं पाहिलं. आर्मररचं मत म्हणून काळंच पुढच्या तपासणीला गेलं. त्याखाली लिहिलेल्या ओळींमुळं दाजी मात्र हवालदार म्हणूनच पेन्शनीत आले.

हे मला दाजींनी पुष्कळ वर्षांनी, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. कुणाचं ऐकलं तरी तपासून घ्यायची सवय त्यांनीच लावलेली, म्हणून मी मुकुंदवाडीला जाऊन निवृत्त सुभेदारांनाही विचारून आलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "म्या पाह्यलं ते सांगितलं. आजबी तेच सांगंन. तुमचे दाजी चोर हायेत असं म्या म्हणत नाय. पर नायेत असं बी कसं म्हणू?" मला त्यांचा संताप आला, पण त्यांनी दिलेला चहा संपवूनच उठलो.

पेन्शनीनंतर दाजींनी पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर बांधलं. तेव्हा तिथं निम्मे प्लॉट मोकळे होते. गवंड्यावर विश्वास नाही, म्हणून सिमेंट स्वतः कालवलं. मला हे सगळं कळल्यानंतर केव्हातरी छावणीतली गोष्ट कुणाच्या तरी पाहुण्याच्या तोंडून शहरात आली आणि एक दिवस औरंगपुऱ्यात माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात एक ओळखीचा हसत म्हणाला, "काय, पिस्तुलाच्या बंगल्याला भेट दिली का नाही?" मी त्याला काउंटरवरूनच हाकलला. दुकान बंद केलं आणि रिक्षा करून तडक पुंडलिकनगर गाठलं.

अक्का ओट्यावर मेथी निवडत बसली होती, दाजी समोर खुर्चीवर. मी रागाच्या भरात सगळं ओकून टाकलं. टॉवेल, सुभेदार, बंगला, सगळं. बोलून झाल्यावर अक्काच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि कळलं की तिला यातलं काहीच ठाऊक नाही. इतकी वर्षं दाजींनी तिला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

तिनं मेथी खाली ठेवली. "घेतलं व्हतं का?"

"नाय," दाजी म्हणाले.

"बरं." आणि तिनं पुन्हा मेथी उचलली.

दाजींना ते सोसेना. खुर्चीतून पुढं सरकले. "बरं म्हंजी? आसं कसं बरं? इचार की. टावेल का टाकला, घराला पैसा कुठनं आला. पुरावा माग."

"कशाला?"

"मानलं कसं तू इतक्या लवकर?" बायकोच्या विश्वासावरही त्यांना संशय आला होता!

अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. "लाच खायला दुसऱ्यावर भरवसा लागतो. हा ठरल्यापरमानं देईल, कुठं बोलणार नाय, उद्या उलटणार नाय, आसं मानावं लागतं. तुमी त्या माणसाच्या हातचा चहा तरी पेला व्हता का?"

दाजी हळूच म्हणाले, "नाय. लई गोड करून देत व्हता."

मला हसू फुटलं. अक्का मात्र हसली नाही.

"तुमच्याच्यानं लाच खाणं व्हणार नाय, हे मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर एवढं मोठं वझं मनात ठिवून बसला आन् मला सांगितलं नाय. राजी काय म्हणंल, तिला खरं वाटंल का, हाच इचार केला ना? समद्या दुनियेवर घ्या संशय. माझ्यावर बी?"

तिचा आवाज भरून आला होता. अक्काला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मेजर साहेबांपुढं न डगमगलेले दाजी तिच्यापुढं पार ओशाळले.

"भ्यालो व्हतो," ते म्हणाले. "तू बी इचारशील म्हणून."

"इचारलं की. काय झालं?"

दाजी उठले, खाली तिच्या शेजारी जाऊन बसले आणि एक जुडी ओढून निवडायला लागले. तिनं निवडून ठेवलेला पाला मात्र त्यांनी पुन्हा तपासला नाही.