आकृती अपूर्ण

आमच्या कामोठ्याच्या शाळेत प्रोजेक्टर आला आणि काशीराम सरांच्या हातातला खडू कायमचा सुटला. विज्ञानाचा मास्तर हौशी असला की काय होतं, ते आम्ही शेजारच्या वर्गांनी सोसलं आहे. मी मराठी शिकवते. माझ्या कवितेच्या तासाला भिंतीपलीकडे ज्वालामुखी फुटायचे. एवढी चित्रं आणता कुठून, असं विचारलं की म्हणायचे, "नीता मॅडम, नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं आहे."

२०१३च्या जानेवारीत सातवीची घटक चाचणी झाली. बाष्पीभवनावर प्रश्न होता: मिठागराची आकृती काढा. त्रेचाळीसपैकी बेचाळीस मुलांनी मिठाची रास काढली आणि तिच्यावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकी इंग्रजी अक्षरंही काढली. सरांच्या स्लाईडवर ती तशीच होती ना! मुलांइतकेच सरही त्या अक्षरांना सरावलेले. बेचाळीस जणांना पूर्ण गुण मिळाले. एकट्या मनस्वीने अक्षरं गाळली, तर तिचा अर्धा गुण कापला. शेरा: 'आकृती अपूर्ण'.

मनस्वी पेपर घेऊन थेट मुख्याध्यापिका रुमाना मॅडमकडे गेली. मॅडमनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, हा फोटोवाल्याचा शिक्का आहे. विकत घ्या, नाहीतर वापरू नका, असा त्याचा मतलब. आठ दिवसांनी तालुक्याच्या स्पर्धेत तुमचा डिजिटल पाठ आहे. चित्रं स्वतःची किंवा परवानगीची हवीत. नसतील तर तुमचं नाव मागे घ्यावं लागेल."

सरांचा चेहराच पडला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तालुक्याने त्यांना पहिल्यांदा बोलावलं होतं. मला कीव आली आणि हसूही आलं. ज्याचं अख्खं घराणं मिठागरात राबलं, त्याने मिठाचा फोटो परक्याचा उचलावा!

सरांचं गाव उलव्याजवळ. तिथलं मिठागर भरावाखाली गेलेलं. मग त्यांनी खाडीचं पाणी आणून गच्चीवर परातीत ओतलं आणि रोज मोबाईलवर फोटो काढले. सातव्या दिवशी परातीत मीठ धरलं. सरांच्या आईने, वेणूबाईंनी, जुन्या सवयीने हात घालून ते ओढलं. सरांनी नेमका तोच फोटो टिपला. सगळ्या पाठात देखणं चित्र तेच होतं.

संध्याकाळी त्यांनी तो कौतुकाने आईला दाखवला.

"यो माजा हात उद्या लोकांना दावनार?"

"हो."

"मना इचारलास?"

"आई, नुसता हात हाय. कोन वलखतंय?"

"नाय वलखला तर नाय. हात माजा हाय."

सर हसले. वेणूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल पदरात बांधला. शेवटी सातवीच्या मास्तरांनी कोऱ्या कागदावर परवानगीचा अर्ज लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. वेणूबाईंनी अंगठा उठवला, वर अट घातली, "खाली माजा नाव टाक."

पाठ झाला. नंबर दुसरा आला. पहिल्याचा राग मला अजून आहे. फोटोखाली, तिथेही आणि नंतर वर्गातल्या स्लाईडवरही, 'हात: वेणूबाई' असं ठळक लिहिलेलं होतं.

एप्रिलच्या वार्षिक परीक्षेत तोच प्रश्न आला. मुलांनी परात काढली, मीठ काढलं, हात काढला, खाली नाव लिहिलं. फक्त निकेश नाव विसरला. सरांनी त्याचा अर्धा गुण कापला. शेरा: 'आकृती अपूर्ण. हात कोणाचा?'

निकेशही तरातरा मुख्याध्यापिकांकडे गेला. रुमाना मॅडमनी शेरा दोनदा वाचला आणि पेपर त्याच्या हातात परत दिला.

"बरोबर कापलाय, बेटा."