पुढच्या वर्षीचा नंबर

पंधरा मिनिटांतली आठ गेली होती आणि केन फोनवर तळहात ठेवून माझ्याकडे बघत होता.

“बोल. वर जायचं की नाही?”

केन आमचा जनरल मॅनेजर. टीममध्ये कुठला खेळाडू घ्यायचा हे ठरवणारा माणूस. टीम अमेरिकन फुटबॉलची, म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो खेळ. टीमचं नाव मुद्दाम सांगत नाही. मी तिथे डेटा अ‍ॅनालिस्ट होते. त्याआधी नोव्हाय नावाच्या अमेरिकन गावात एका कंपनीत गाड्यांच्या पार्ट्सची वॉरंटी बघायचे: कुठला पार्ट किती वर्षं टिकेल. इथे पार्ट्सऐवजी गुडघे आणि खांदे होते. गणित तेच.

गोष्ट २००५च्या सुमाराची. दर एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो. कॉलेजमधले खेळाडू सगळ्या टीम्स पाळीपाळीने निवडतात, अशा सात फेऱ्या होतात, आणि पहिल्या फेरीत दर निवडीला पंधरा मिनिटं मिळतात. आदल्या वर्षी ज्यांनी सपाटून मार खाल्ला, त्यांचा नंबर आधी. आमचा चौदावा होता. केनला हवा असलेला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, सगळा खेळ ज्याच्या हातात असतो तो, चौदाव्यापर्यंत उरणार नव्हता. पाचव्या नंबरची टीम आपली जागा द्यायला तयार होती. बदल्यात त्यांना आमचा चौदावा नंबर हवा होता आणि शिवाय पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला. याला ट्रेड अप म्हणतात.

भिंतीवर एक चार्ट होता, फोटोकॉपीची फोटोकॉपी. कुठल्या नंबरला किती पॉइंट्स. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की सौदा रास्त. त्यात एक रिवाज होता: पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबर यंदाच्या दुसऱ्या फेरीतला धरायचा. वॉल्ट नावाचा एक म्हातारा स्काउट होता, गावोगावी फिरून खेळाडू हेरणारा. त्याला मी आल्या आल्या विचारलं होतं, असं का?

“पुढच्या वर्षी या खुर्चीत कोण बसेल, कोणाला माहीत?” तो म्हणाला.

मला ते बालिश वाटलं होतं. आमच्या घरी नेमका उलटा कारभार. व्हिसाचं सहावं वर्ष, ग्रीन कार्डची फाइल कुठेतरी अडकलेली. जेवायला घडीचं टेबल. चांगलं डायनिंग टेबल दिसलं की नवरा म्हणायचा, “यार, कार्ड येऊ दे, मग घेऊ. व्हिसा कॅन्सल झाला तर ते धूड कुठे न्यायचं?” पडदे, सुट्टी, माझं गाणं शिकणं, सगळं पुढच्या वर्षावर ढकललेलं. यंदाचं वर्ष आमच्या खिजगणतीतच नव्हतं. त्यामुळे माझ्या मॉडेलमध्येही मी पुढच्या वर्षीच्या नंबरची किंमत तसूभर कमी केली नव्हती.

“नको,” मी केनला म्हणाले. “चौदावरच थांब. पुढचं वर्ष आपण फार स्वस्तात देतोय. आणि त्या क्वार्टरबॅकचा खांदा मला पटत नाही.”

“टीमसाठी नको, की माझ्यासाठी?”

मला प्रश्नच कळला नाही. वॉल्ट कार्पेटकडे बघत हळूच म्हणाला, “केनचं कॉन्ट्रॅक्ट या सीझनला संपतंय.”

हे मला माहीत होतं. ऑफिसात सगळ्यांनाच होतं. पण माझ्या स्प्रेडशीटमध्ये ते कुठेच नव्हतं. नवा क्वार्टरबॅक आणला की तो तयार होईपर्यंत मालकही दोन वर्षं कळ काढतो. केनची नोकरी पाचव्या नंबरावर होती आणि मी त्याला चौदावर बसायला सांगत होते.

“टीमसाठी नको,” मी म्हणाले. “तुझ्यासाठीचं गणित मी काढलंच नाही.”

केन चिडला नाही. घड्याळाकडे बघितलं, तळहात काढला आणि फोनवर म्हणाला, “थँक्स. आम्ही आहोत तिथेच बरे आहोत.”

चौदावर आम्ही एक आडदांड लाइनमन घेतला, क्वार्टरबॅकला मार लागू न देणारा. तो चांगला निघाला. टीम मात्र हरत राहिली. जानेवारीत केनला काढलं. मी भेटायला गेले तेव्हा तो भिंतीवरचे फोटो उतरवत होता. मला फार वाईट वाटत होतं.

“माझ्यामुळे झालं,” मी म्हणाले.

“आकडे तू दिलेस. फोन मी ठेवला,” तो म्हणाला. “आणि आकडे बरोबर होते.”

इतके सामने हरल्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये आमचा नंबर तिसरा आला. केनने न विकलेला तोच नंबर. नव्या जनरल मॅनेजरने त्यावर क्वार्टरबॅक घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याच्या दूरदृष्टीचं कौतुक छापून आलं. केनचं नाव नव्हतं. आणखी एक सांगायला हवं: आधीच्या वर्षी पाचव्या नंबरावर गेलेल्या त्या पोराचा खांदा तोवर ठणठणीत होता.

तेव्हापासून कुठल्याही रिपोर्टच्या पहिल्या ओळीत मी लिहिते, हे उत्तर कोणासाठी आहे आणि तो माणूस पुढच्या वर्षी इथे असणार आहे का. आता मी स्वतंत्र काम करते; क्लायंटना ती ओळ आवडत नाही. बरेच जण खोडायला सांगतात.

केनला भेटून आले त्यानंतरच्या रविवारी मी नवऱ्याला दुकानात नेलं आणि सहा खुर्च्यांचं टेबल घेतलं. कार्ड आलेलं नव्हतं.

“आणि व्हिसा कॅन्सल झाला तर?” त्याने विचारलं.

“तर पुढचा भाडेकरू जेवेल त्यावर,” मी म्हणाले. “तोवर आपण जेवू.”