शाळेच्या कपाटातली तिची गोष्ट

शाळेच्या हस्तलिखित अंकात आपण लिहिलेली गोष्ट आहे, असं बायको सांगायची. काय गोष्ट, ते मी कधी विचारलं नाही. ती गेल्यावर राजवाड्याजवळच्या त्या शाळेत गेलो. भिंतीवर लेखक झालेल्या मुलामुलींचे फोटो होते. ती नव्हती.

अंकांचं कपाट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला तिचं नाव सांगितलं. तो हसला, भाऊ म्हणावं तसं म्हणाला, "भिया, हे तर सासरचं. माहेरचं बोला."

पान उलटायच्या आधी तो दरवेळी बोटं सदऱ्याला पुसायचा. गोष्ट सापडली.

"मग हिचा फोटो का नाही?"

"फोटो नाव झालेल्यांचे. लिहिणारे सगळे इथं कपाटात आहेत. वाचून दाखवू?"

नको म्हटलं. मी अक्षरं जुळवत वाचतो, पण हे मलाच वाचायचं होतं. शाळा सुटली, तरी त्यानं कपाट लावलं नाही.